लोटननानांचं कोर्ट

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी कॉलेजला निघायच्या घाईत असताना फोन वाजला. शिंदखेड्याच्या एसटीडी बूथवरून लोटननानांची मुलगी मंगल बोलत होती. “सर, नाना गेले. काल दुपारी. जेवले, जरा पडतो म्हणाले, आणि...” पुढचं लाइनच्या खरखरीत गेलं, पण पुढचं ऐकायची गरज नव्हती. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. बायकोनं विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, “आपल्या जिमखान्याचं कोर्ट करणारे लोटननाना.” ती म्हणाली, “तुम्ही सांगणार होतात ना सगळ्यांना?” आमच्या घरात ही गोष्ट फक्त तिला ठाऊक होती.

जळगावात टेनिस खेळणारे जे चार जुने लोक उरले आहेत, ते अजूनही म्हणतात, “स्पर्धेच्या तोंडावर त्या लोटननं कोर्ट नासवलं होतं, तरी सरांनी कसं वाचवलं!” यातले सर म्हणजे मी. त्या वाक्यातला एकही शब्द खरा नाही. कोर्ट नासवलं मी आणि वाचवलं नानांनी. हे चारचौघांत सांगायचं मी नानांना कबूल केलं होतं, आणि माणूस जाईपर्यंत सांगितलं नाही. मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखात माणसं गेलेल्याचे गुण गातात. मला आधी माझा अवगुण सांगावा लागणार आहे, त्याला इलाज नाही.

नाना जिमखान्यात आले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी तेव्हा भडगावहून येऊन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो होतो, आणि टेनिसची रॅकेट घेऊन हिंडणारा प्राध्यापक म्हणून गावात थोडी चेष्टाही होत होती. जिमखान्याची दोन कोर्टं साहेबाच्या काळातली. काळ्या मातीवरची, त्यामुळे उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. चेंडू भेगेत शिरला तर हात घालून काढावा लागे. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब माळी शोधत होते, आणि कोणीतरी शिंदखेड्याकडचा हा माणूस पाठवला. उंच, वाळका, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. भावाभावांत शेताची वाटणी झाली, त्यातली कुरबुर सोसेना म्हणून गाव सोडून आलेला. “काय येतं तुला?” वकीलसाहेबांनी विचारलं. “खळं करता येतं, साहेब,” नाना म्हणाले. वकीलसाहेब हसले. मी मात्र त्यांना कोर्टावर घेऊन गेलो. नाना कडेला उकिडवे बसले, माती चिमटीत घेऊन चोळली, जाळ्याकडे पाहिलं, आखलेल्या रेघांकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे मला म्हणाले, “सर, आठे काय मळतस तुम्ही?”

आम्ही इथं काहीच मळत नाही, चेंडू मारतो, हे त्यांना समजावताना माझीच पंचाईत झाली. पण त्यांचं काम त्यांना लगेच कळलं होतं. जमीन टणक हवी, सपाट हवी, धूळ नको, भेग नको. खळ्याला तरी दुसरं काय लागतं? शिंदखेड्याच्या आसपासच्या पाच-सहा गावांत सुगीआधी नानांना बोलावल्याशिवाय खळं होत नसे, हे मला पुढं कळलं. त्यांनी वीतभर काळी माती उकरून टाकली, तापीकाठची पोयट्याची माती आणि गावठाणातली पांढरी माती आणवली, विटांचा भुगा मिसळला, पाणी मारून दोन बैल दिवसभर गोल फिरवले, धुमसानं ठोकलं, वरून शेणकाल्याचा पातळ हात दिला. आधी मागचं कोर्ट केलं, हात बसावा म्हणून, आणि मग पुढचं. त्या वर्षी पहिल्यांदा जळगावात चेंडू जसा उसळायला हवा तसा उसळला.

नानांचे नियम खळ्याचे होते. कोर्टावर चप्पल नाही. खेळायला कॅनव्हासचे बूट चालतील, एरवी अनवाणी. एकदा एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नी उंच टाचांच्या सँडल घालून फोटोसाठी कोर्टावर निघाल्या, तेव्हा नाना हात जोडून त्यांच्या वाटेत उभे राहिले आणि बाईंना सँडल काढाव्या लागल्या. वकीलसाहेबांच्या अंगाला घाम फुटला होता. रोज पहाटे नाना टाच दाबत दाबत कोर्टभर चालत, आणि कुठं किती पाणी हवं ते टाचेनं ठरवत. टेनिसचे गुण कसे मोजतात हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण संध्याकाळी झाडू फिरवण्याआधी ते पावलांच्या खुणा वाचत. एकदा मला म्हणाले, “तुम्ही डावीकडे पयतस नही, सर. बठ्ठा पाय उजव्या अंगलेच शेतस.” मी डावीकडे पळत नाही, माझी सगळी पावलं उजवीकडेच पडतात, हे पुण्यात मला दोन वर्षं शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि मग ती स्पर्धा आली. राज्य पातळीवरची स्पर्धा तोपर्यंत मुंबई-पुणे-नागपूर सोडून कुठं जात नव्हती. आम्ही तीन वर्षं अर्ज करत होतो, आणि दर वर्षी सभ्य नकार येत होता. चौथ्या वर्षी होकार आला, पण अटीचा: स्पर्धा सोमवारी सुरू होईल, शनिवारी आमचे निरीक्षक येऊन कोर्ट पाहतील, कोर्ट पसंत पडलं नाही तर सामने राखीव ठिकाणी हलवले जातील. मी मानद चिटणीस. गावात दवंडी पिटल्यासारखी बातमी झाली. खेळाडूंची सोय आम्ही घरोघर वाटून घेतली. शाळेची बाकं आली, पंचाची उंच खुर्ची सुतारानं छाटणीच्या शिडीला पाट ठोकून केली, मागचा पडदा जिनिंगमधल्या जाड कापडाला हिरवा रंग देऊन केला, आणि पश्चिमेच्या वाऱ्याला अडवायला पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांचं पुरुषभर उंच कुंपण घातलं. हे सगळं मजेत चाललं होतं. धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. होळी जवळ आली होती, खानदेशातलं ऊन तापायला लागलं होतं, जिमखान्याच्या विहिरीनं तळ गाठला होता, आणि कोर्टावर दुपारी वारा सुटला की लाल धूळ उठत होती.

नाना म्हणत, टँकर मागवा, दोन दिवस कोर्टाला कोणाचा पाय लागू देऊ नका, मी शेणकाला करतो, माती धरेल. मी म्हणत होतो, दोन दिवसांत वाळून पुन्हा धूळ उडेल, आणि सामने चालू असताना दर तासाला शेणकाला करणार का? माझ्याकडे कोर्टाच्या देखभालीवरची एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं, मातीत कॅल्शियम क्लोराइड मिसळा, ते हवेतला ओलावा धरतं, धूळ बसते. रसायनशास्त्राच्या माणसाला याहून गोड वाक्य कोणतं? पण जळगावात एवढं कॅल्शियम क्लोराइड आठवड्यात मिळेना. प्रयोगशाळेतली बरणी चिमूटभर. मी विचार केला, मीठ काय वाईट? तेही क्लोराइडच. नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावले. “मातीले मीठ नका टाकू, सर. मीठ पडनं का जिमीन चोपण व्हस. मंग ती वलीबी नही ऱ्हास, कोल्लीबी नही.” ना ओली, ना कोरडी, खारावलेली चिकट जमीन. मी चिडलो. आधीच डोक्यावर टांगती तलवार, त्यात हा माणूस मला, एम.एस्सी. झालेल्याला, क्षार शिकवतो! “नाना, तुमचं खळं वेगळं आणि हे वेगळं,” मी म्हणालो. ते पाण्याची झारी उचलून निघून गेले.

त्या बुधवारी त्यांच्या भावाच्या नातवाचं जावळ होतं. वाटणीनंतर भावानं पहिल्यांदाच बोलावणं धाडलं होतं, तरी नाना जायला तयार नव्हते. कोर्ट टाकून कसा जाऊ, म्हणत होते. मीच आग्रह केला. “जा हो नाना, भाऊ रुसेल. शुक्रवारी दुपारपर्यंत या. मी आहे ना इथं!” हे म्हणताना माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. नाना सकाळच्या गाडीनं गेले. दुपारी जिमखान्यात चिटपाखरू नसताना मी सायकलवरून दोन फेऱ्यांत मिठाच्या दोन गोण्या आणल्या आणि माझ्या हातानं, पेरणी करावी तसं, मीठ कोर्टभर फेकलं. वरून टँकरचं पाणी मारलं. कोणी पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी कोर्ट इतकं देखणं दिसत होतं की मला वाटलं, नाना आले की त्यांना हाताला धरून दाखवीन. गडद लाल, घट्ट, वाऱ्यानं कण हलत नव्हता. वकीलसाहेब येऊन पाठ थोपटून गेले. मी हुशारीनं गुरुवारी संध्याकाळी पुन्हा पाणी मारलं. शुक्रवारी सकाळी बूट ठेवला तर तळाला माती चिकटून आली, चिकट, साबणासारखी. मनात म्हटलं, ऊन आलं की बसेल. ऊन आलं, आणि अकराच्या सुमारास कोर्टावर पांढरा पापुद्रा फुटायला लागला. आधी जाळ्याजवळ, मग सगळीकडे. चुन्याच्या रेघा त्या पांढऱ्यात दिसेनाशा झाल्या. वरचा पापुद्रा कडक आणि बोटभर खाली लोण्यासारखा गिळगिळीत. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी खाली झिरपत नाही, हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला फळ्यावर लिहून शिकवत होतो. फळ्यावर.

दुपारी नाना आले. पिशवी कडुनिंबाखाली ठेवली, अनवाणी कोर्टावर गेले, मध्यावर बसले. बोट मातीला लावून जिभेला लावलं. मी दहा हातांवर उभा होतो. “खारं शे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “टँकरनं पानी व्हतं का, सर?”

“हो,” मी म्हणालो. “टँकरच्या पाण्यातच खार असेल.”

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. पण ते उठून फावडं आणायला गेले.

शनिवारी सकाळी पुण्याचे निरीक्षक परांजपे आले. साठीचे, पांढरी पँट, हातात काठी. अध्यक्ष, कार्यकारिणीचे सगळे, गावातली प्रतिष्ठित मंडळी, पंचवीस-तीस माणसं मागं उभी. परांजप्यांनी काठी टेकवली, ती बोटभर आत गेली. त्यांनी खिशातून चेंडू काढून सोडला, तो फुस्स होऊन तिथंच बसला. “हे असं कशानं झालं?” त्यांनी विचारलं. वकीलसाहेब लालबुंद झाले होते. “कोणी केलं हे? कोर्ट कोणाच्या ताब्यात आहे?” ते ओरडले. त्या वेळी एक वाक्य पुरेसं होतं. मी मनात म्हटलं, आधी स्पर्धा वाचू दे, मग सांगतो. असलं ‘मग’ कधी येत नाही हे वयाच्या पस्तिशीत मला कळायला हवं होतं.

“कोर्ट माझ्या ताब्यात आहे, साहेब,” नाना म्हणाले. साहेबांशी ते शहरी मराठी बोलत. “चूक झाली. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या, सुधारून देतो.”

“सुधारून काय देतोस! स्पर्धा संपली की जिमखान्यात पाय ठेवायचा नाही,” वकीलसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. नानांनी मान खाली घातली. माझ्याकडे त्यांनी तेव्हा पाहिलं नाही, आणि मी त्याबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. परांजपे भले गृहस्थ. त्यांनी घड्याळ पाहून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत दिली. पाच वाजता चेंडू उसळला नाही तर राखीव ठिकाणी तार जाणार होती.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. नानांनी दोरी लावून सबंध कोर्टाचा चार बोटं थर खरवडायला घेतला. कॉलेजची तीस-चाळीस मुलं मी गोळा केली, घमेली, फावडी, पाट्या. खारी माती कुंपणाबाहेर. चांगली माती कुठून? नानांनी मागचं जुनं कोर्ट दाखवलं. ते त्यांनी पहिल्या वर्षी हात बसवायला केलेलं, इतक्या वर्षांत मुरलेलं. ते मोडायचं. मी म्हणालो, “नाना, ते तुमचं पहिलं कोर्ट...” ते म्हणाले, “पाव्हना दारशी येल शेतस, सर. आते रडाले टाइम नही.” पाहुणे दारात आलेत, आता रडत बसायला वेळ नाही. माती चाळली, ओलवली, पसरली, धुमसांनी ठोकली. शनिवार मावळला तेव्हा अर्धं कोर्ट झालं होतं. रविवारी उजाडताच पुन्हा जुंपलो. दहा वाजता ऊन चढलं आणि नवीन थराला केसासारख्या भेगा दिसायला लागल्या. आता संपलं, असं मला वाटलं. नानांनी एका मुलाला दाळमिलकडे पिटाळलं. हातगाडीवर रिकाम्या गोण्या आल्या. त्या पाण्यात भिजवून सगळ्या कोर्टावर अंथरल्या, आणि दर अर्ध्या तासानं एक एक उचलून नाना टाचेनं माती दाबून पाहत होते. तीनपर्यंत कोणालाही रोलर फिरवू दिला नाही. वकीलसाहेब येऊन दोनदा घड्याळ दाखवून गेले. मीही म्हणालो, नाना, फिरवू या, वेळ नाही. “आजून नही,” ते म्हणाले. सव्वातीनला गोण्या काढल्या. दगडी रोलर आठ जणांनी ओढला. साडेचारला चुन्याच्या रेघा ओढून झाल्या, तेव्हा नानांच्या तळपायांच्या भेगांतून रक्त येत होतं.

पाचला परांजपे आले. खांद्याइतक्या उंचीवरून चेंडू सोडत ते कोर्टभर फिरले. जाळ्याजवळ, सर्व्हिसच्या रेघेवर, मागच्या रेघेवर. चेंडू उसळत होता, आणि आम्ही सगळे त्या आवाजावर कान लावून होतो. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात चेंडू जरा कमी उसळला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा कमी. नाना पाठीमागं हात बांधून उभे होते, त्यांची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती. परांजपे वाकले, काठीनं टोकरलं, दोन पावलं सरकले, तिसऱ्यांदा सोडला. चेंडू कमरेपर्यंत आला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “उद्या नऊला पहिला सामना.” मुलांनी एकच गलका केला. वकीलसाहेबांनी मला मिठी मारली. नाना रोलरला टेकून खाली बसले.

स्पर्धा झकास झाली. आठवडाभर कोर्टानं दगा दिला नाही. पुण्याच्या खेळाडूंना भरीत आणि शेवभाजीनं नाक पुसायला लावलं, पण कोर्टाला कोणी नावं ठेवली नाहीत. नाना रोज पहाटे येत, पाणी मारत, आणि सामना सुरू झाला की कुंपणापलीकडे जाऊन बसत. अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांनी शेवटचा झाडू मारला, रेघांची दोरी गुंडाळून माळ्याच्या खोलीत ठेवली, आणि बक्षीस समारंभ सुरू व्हायच्या आत चारची धुळ्याची गाडी पकडली. समारंभात वकीलसाहेबांनी माइकवरून सांगितलं, “ऐनवेळी कोर्टाची नासाडी झाली असताना आमच्या सरांनी रात्रंदिवस राबून गावाची अब्रू राखली.” टाळ्या. शाल, श्रीफळ. मी उठलो, पुढं गेलो, शाल खांद्यावर घेतली आणि वाकून नमस्कार केला. हे जास्त सजवून सांगण्यासारखं नाही. मी घेतली.

महिन्याभरानं मी शिंदखेड्याला गेलो. झोपच लागत नव्हती. नाना घराच्या ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. मी एका दमात सांगितलं, मीठ मी टाकलं. त्यांनी दोरखंड खाली ठेवला नाही. म्हणाले, “टँकरनं पानी मी त्याच दिन चाखं, सर. गोड व्हतं.”

“मग शनिवारी बोलला का नाहीत?”

“तुम्ही सांगशात असं वाटनं.”

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या सर, तुमची नोकरी, तुमचं नाव. तसं म्हटलं असतं तर मला किती सोपं झालं असतं! मी म्हणालो, नाना, परत चला, वकीलसाहेबांशी मी बोलतो. त्यांनी दोरखंडाला एक पीळ दिला. “येसू. पन पहिले तुम्ही सांगा. बठ्ठासमोर.” मी त्यांच्या हातावर हात ठेवून, सगळ्यांसमोर सांगतो, म्हणालो. ज्यांच्यासमोर त्यांची मान खाली गेली, त्यांच्यासमोरच ती वर यायला हवी, एवढंच त्यांचं मागणं होतं. यात जगावेगळं काही नव्हतं.

जूनमध्ये जिमखान्याची वार्षिक सभा झाली. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे विषय, असं वकीलसाहेब म्हणाले आणि मी उभा राहिलो. तेवढ्यात त्यांनी खुशीत हात वर केला. “चिटणीस सांगणार होते, मीच सांगतो! पुढच्या वर्षीही स्पर्धा आपल्याकडेच!” टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी म्हणालं, सर, बोला! सगळे माझ्याकडे पाहत होते, हसत होते. मी “सर्वांचे आभार” एवढं म्हणालो आणि बसलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, सांगितलंत? पुढच्या सभेला, मी म्हणालो. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. वकीलसाहेबही मध्यंतरी गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती आयुष्यभर झाकून धरली की हात कशालाच उपयोगी राहत नाही. नाना आले नाहीत. त्यांनी निरोपही पाठवला नाही.

काही वर्षांनी धुळ्याच्या बसस्टँडवर ते मला दिसले. मंगलला शिक्षिकेची नोकरी लागल्याचं सांगत होते. थकले होते. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हतो, तर त्यांनीच विचारलं, “कोर्ट कसं शे?” चांगलं आहे, म्हणालो. ते पुन्हा भेगाळलं होतं. “डावीकडे पयतस का आते?” मी हसलो, ते हसले. मी म्हणणार होतो, नाना, ते राहिलंय माझं... पण त्यांची गाडी लागली. चढताना त्यांनी मागं वळून हात केला. ती शेवटची भेट.

सुतक फिटण्याच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या दिवशी मी शिंदखेड्याला गेलो. अंगणात मांडव, गावकरी, नातलग. विधी झाले, दोन-चार जण नानांबद्दल बोलले. मंगल मला म्हणाली, “सर, तुम्हीही बोला ना. नाना तुमच्याकडे होते.” मी उभा राहिलो. आणि मी सांगितलं. मीठ, टँकर, शाल, सगळं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण असेल. मला वाटलं होतं, लोटननं कोर्ट नासवलं हे जळगावातच बोललं जात असेल, इथं काय! तेव्हा नानांचे धाकटे भाऊ, तेच जावळाला बोलावणारे, कोपऱ्यातून हळू आवाजात म्हणाले, “जळगावनं खळं बिघाडं म्हनीसन, तवयपासून गावमा कोनी त्याले खळाले बलावं नही, सर. एकबी नही. मीबी नही.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे पुसले. जळगावचं खळं नानांनी बिघडवलं असंच गाव समजत होतं, आणि नानांनी घरात, गावात, भावाला, मुलीला, कोणालाही खरं सांगितलं नव्हतं. पाच-सहा गावांत ज्याच्याशिवाय खळं होत नसे तो माणूस मरेपर्यंत ओट्यावर बसून दोरखंड वळत होता. मी ते कोर्ट नासवलं एवढंच इतकी वर्षं मला वाटत होतं.

माणसं पांगल्यावर मंगलनं मला नानांची खोली दाखवली. घरात सगळीकडे शहाबादी फरशी बसवली आहे, पण ही मागची खोली त्यांनी मातीचीच ठेवायला लावली होती. दर आठ दिवसांनी स्वतः सारवायचे, बायकांना हात लावू देत नसत. भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ, तळहातासारखी. ते गेल्यापासून सारवली नव्हती आणि दाराजवळ पोपडे सुटायला लागले होते. सुतक फिटलं होतं, मंगलनं बादलीत शेण आणि माती कालवून ठेवली होती. मी बाह्या सरसावल्या आणि बादलीकडे वाकलो. म्हणालो, “मंगल, आज मी सारवतो. त्यांच्याच हाताखाली शिकलोय.”

दिवसभर माझ्याशी ती शाळेतली मराठी बोलत होती. तिनं बादली आपल्याकडे ओढली. आवाज चढवला नाही.

“नका, सर. नानानी मातीले तुम्ही हात नका लावू.”

मी हात मागं घेतला. ती दाराकडून आत सारवत गेली नाही, नाना करत तसं आतल्या भिंतीपासून दाराकडे मागं मागं येत गेली. मी ओट्यावर जाऊन बसलो. खोली वाळायला संध्याकाळ झाली, मग गाडीची वेळ झाली म्हणून मी निघालो.